मागच्या ड्रममधली फट

"धाकटे, ब्रेकचं पेडल पुन्हा खाली चाललंय."

बाबांचा आवाज आला तेव्हा धाकटी एका टॅक्सीखाली उताणी पडून सायलेन्सरचा गंजलेला नट सोडवत होती. तिथून तिला त्यांचे फक्त बूट दिसत होते.

"पुन्हा?" ती खालूनच म्हणाली. "अहो, आत्ता तर हवा काढून दिली ना!"

"मग राहिली असेल थोडी."

"म्हणजे माझंच चुकलं."

"मी तुझं नाव तरी घेतलं का? मी पेडलबद्दल बोलतोय."

वर्कशॉपमधला जुना कारागीर लांब्या कोपऱ्यात रॉकेलच्या ट्रेमध्ये सुटे भाग धूत बसला होता. उंचीमुळे त्याला हे नाव पडलं तेव्हा तो कोवळा होता, आता त्याच्या मिशा पिकल्या होत्या आणि खरं नाव बहुधा त्याची बायकोही विसरली होती. तो हसून म्हणाला, "मिस्त्री, तुमची गाडी म्हणजे अगदी माहेरवाशीण झालीय. जरा डोकं दुखलं की आली इकडे."

"मग माहेरच्यांनी नीट बघायला नको? की चहा पाजून परत पाठवायची?" बाबांनी किल्ली त्याच्याकडे भिरकावली. "बाहेर रस्त्यावर उभी आहे. घे आत."

वर्कशॉप बाबांनीच उभं केलेलं. धाकटी शाळेत असल्यापासून सुट्टीत त्यांना नट आवळायचे पाने उचलून द्यायची, आणि पुढे पाने देता देता सगळंच काम तिच्या अंगात मुरलं. थोरला भाऊ, दादा, शिकून दूरच्या शहरात नोकरीला गेला. बाबांचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्यांनी वर्कशॉप धाकटीच्या स्वाधीन केलं, पण स्वतः घरी बसले नाहीत. कोणीतरी भंगारात काढलेली एक पिकअप त्यांनी पुन्हा चालती केली आणि सुताराच्या कारखान्यातली टेबलं, खुर्च्या, कपाटं लोकांच्या घरी पोचवायला लागले. आई शेजारी बसून सगळीकडे जायची. या वयात जोडीनं फिरताय म्हणून लोक चेष्टा करायचे. आई म्हणायची, "घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं."

आई गेल्याला आता वर्ष होत आलं होतं.

तेव्हापासून दादाचं एकच पालुपद होतं. "बाबा, गाडी विका आणि इकडे या. सातव्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. तिथे एकट्यानं राहून काय करणार?" बाबा फोन कानाला लावून सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "गाडी चालतेय तोवर मी इथे. गाडी थांबली की बघू." त्यामुळे गाडी थांबू न देणं हे धाकटीचं काम होऊन बसलं होतं. त्यात तिचाही स्वार्थ होता. बाबा दादाकडे गेले असते तर या शहरात तिला 'धाकटे' म्हणणारं कोणी राहिलं नसतं.

लांब्यानं पिकअप आत आणली. धाकटी हात पुसून तिच्यात चढली आणि तिनं ब्रेक दाबला. पेडल तळाला टेकेल की काय इतकं खाली गेलं आणि मग कुठे ब्रेक लागला. तिनं पाय उचलून लगेच पुन्हा दाबला. या वेळी पेडल अर्ध्यावरच घट्ट झालं.

"मास्टर सिलेंडर," बाबा खिडकीशी येऊन म्हणाले. "नवीन टाकलास, पण आतलं रबर खराब निघालं असणार. हल्ली माल कसा येतो माहीत आहे ना."

"बघते."

"बघायचं काय त्यात? काढ आणि बदल."

धाकटी गाडीतून उतरली. बाबांच्या अशाच सल्ल्यानं तिला दोनदा चकवलं होतं. उन्हाळ्यात पेडल पहिल्यांदा खाली गेलं तेव्हा बाबा म्हणाले मास्टर सिलेंडर, आणि तिनं काही न तपासता तो बदलला. दुसऱ्या वेळी म्हणाले हवा शिरलीय, तिनं हवा काढली. दोन्ही वेळा पेडल छान वर आलं आणि काही आठवड्यांनी पुन्हा खाली गेलं. दुसऱ्या कोणाचीही गाडी असती तर तिनं आधी तपासलं असतं. पण ज्या माणसानं ब्रेक म्हणजे काय ते शिकवलं, त्यानंच रोगाचं नाव सांगितल्यावर नाडी कोण बघतं?

"लांब्या," तिनं विचारलं, "दोन्ही वेळा मागचे ब्रेक तू ॲडजस्ट केले होतेस का रे?"

"केले होते. ब्रेकचं काम आलं की मागचे ब्रेक मी आवळतोच. मिस्त्रींनीच सवय लावलीय. का? चुकलं का काही?"

"तुझं नाही."

एका वेळी दोन गोष्टी केल्या होत्या आणि गुण कशाचा आला ते कोणी पाहिलं नव्हतं. आता तिनं ठरवलं, एका वेळी एकच. तिनं ब्रेक ऑइलची पातळी पाहिली. ती ठीक होती. चारी चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं. कुठे ओल नव्हती. मग पेडल दाबून तसंच धरून ठेवलं. ब्रेक ऑइल दाबणारा मास्टर सिलेंडर आतून ऑइल सोडत असता तर पेडल पायाखाली हळूहळू बसत गेलं असतं. ते जागचं हललं नाही. पाइपात हवा असती तर पाय उशीवर ठेवल्यासारखं वाटलं असतं. हे तर दगडासारखं होतं. म्हणजे जोर सगळा होता, फक्त पहिला दाब कुठली तरी फट भरण्यात खर्ची पडत होता. दुसऱ्या दाबाला फट भरलेली असायची, म्हणून पेडल वर यायचं.

"मागच्या चाकांचे ब्रेक-ड्रम उघडायचे," ती म्हणाली.

"ड्रम कशाला उघडतेस?" बाबा जरा मोठ्यानंच बोलले. "लायनर नवे आहेत की."

"नवे असले म्हणून बघू नये असं आहे का? बसा ना बाबा तिकडे बाकावर. पाय दुखतील."

बाबा बाकावर जाऊन बसले. टॅक्सीवाला तिथेच गाडी होण्याची वाट बघत होता, तो त्यांच्याशी काहीबाही बोलू लागला. बाबांचं लक्ष नव्हतं.

ड्रम निघाला. चाक थांबवणारे लायनर चांगले जाड होते, पण ड्रमपासून केवढे तरी आत राहिले होते. मधल्या फटीत तिचं नख सहज शिरलं. लायनर थोडे थोडे झिजणारच, पण ही फट वाढू नये म्हणून या गाडीत एक सोय असते. गाडी मागे घेताना ब्रेक दाबला की ड्रमबरोबर लायनरचे शू किंचित फिरतात, एक बारीक तार ताणली जाते, आणि तारेला जोडलेला खटका एका दातेरी चाकाला थोडं पुढे ढकलतो. तेवढी फट कमी होते. गाडी आपली आपण ब्रेक आवळत राहते, मालकाला पत्ताही लागत नाही.

तार तुटली असेल किंवा दाते गंजले असतील असं धाकटीला वाटलं होतं. तिनं बोटानं तार ओढली. टक् असा आवाज झाला आणि चाक पुढे सरकलं. पुन्हा ओढली, पुन्हा टक्. दुसऱ्या बाजूचंही तसंच. सगळं स्वच्छ होतं, त्याला ग्रीसही लावलेलं होतं.

"हे तर उत्तम चालतंय," लांब्या वाकून बघत म्हणाला. "मग घोडं अडतंय कुठे?"

"ड्रम बसव. हातानं काही आवळू नकोस. जशी फट होती तशी राहू दे."

ती पिकअप घेऊन वर्कशॉपमागच्या मोकळ्या मैदानात गेली. गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला. थोडी पुढे गेली, पुन्हा मागे, पुन्हा ब्रेक. असं ती मैदानभर करत राहिली. मैदानाच्या कडेला एक बाई कपडे वाळत घालत होती, ती हातातलं काम थांबवून बघायला लागली. प्रत्येक खेपेला पेडल थोडं थोडं वर येत होतं. शेवटी ते जिथे असायला हवं तिथे आलं आणि थांबलं. एकही पाना न लावता गाडी दुरुस्त झाली होती.

धाकटी इंजिन बंद करून तशीच बसून राहिली.

खटका चालत होता. तो चालायला जे लागतं तेच मिळत नव्हतं. ही गाडी कित्येक आठवडे मागे आलीच नव्हती. रोज सामान चढवणारी, उतरवणारी, कारखान्याच्या फाटकातून आतबाहेर करणारी गाडी, आणि तिला एकदाही मागे घेतलेलं नाही? एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. बाबा पूर्वी पिकअप वर्कशॉपात उलटी लावायचे, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून, आणि खाली उतरून आपली कामगिरी बघायचे. आता गाडी रस्त्यावर उभी करून किल्ली फेकतात. तिला तो मिस्त्रीपणाचा रुबाब वाटला होता. सुतार मागे म्हणाला होता की मिस्त्री हल्ली अरुंद गल्लीतली कामं नाकारतात. त्यावर ती म्हणाली होती, वय झालं आता, कंटाळत असतील.

मान आखडली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मागे वळून बघता येत नसेल. मान काय, शेकली की सुटते.

ती परत आली तेव्हा बाबा उठून उभे राहिले. "काय निघालं?"

"पेडल आलंय वर." ती त्यांच्याकडे बघत होती. "पण चालत्या गाडीत कसं वागतंय ते बघायला हवं. उद्या सकाळी मी येते तुमच्याबरोबर."

"तू? तुझं काम टाकून?"

"लांब्या आहे की."

"मी काय नवशिक्या आहे का, मला शेजारी माणूस हवा?"

"बाबा, पेडल सारखं खाली जातंय. मला झोप लागत नाही."

"ये मग," ते म्हणाले. "डबा तुझा तू आण."

सकाळी कारखान्यात एक लांबरुंद टेबल गाडीत चढवलं होतं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं कापड बेतण्यासाठी ते करून घेतलं होतं. गाडी फाटकासमोर तोंड करून उभी होती, नुसती पुढे घेतली की रस्त्यावर. सुतारानं धाकटीला पाहून हात जोडले. "आज मोठ्या मालकीणबाई बरोबर! मिस्त्री, प्रमोशन झालं की चौकशी लागली?"

"ब्रेकची चौकशी आहे," बाबा म्हणाले. "माझी नाही."

धाकटी आईच्या जागेवर बसली. सीटच्या त्या बाजूचा स्पंज दबलेला होता आणि तिथे बसलं की माणूस आपोआप थोडं पुढे झुकायचं. बाबांनी गाडी काढली. सुरुवातीला तिला काहीच वावगं दिसलं नाही. गिअर लोण्यातून सुरी फिरवावी तसे पडत होते. खड्डे त्यांना तोंडपाठ होते, खड्डा दिसण्याआधीच गाडी त्याला वळसा घालत होती.

मग तिच्या लक्षात आलं, की बाजारातून सरळ जायचं सोडून ते नदीकाठच्या रस्त्यानं चाललेत.

"इकडून लांब नाही पडत?"

"इकडे गर्दी नसते."

पहिल्या चौकात ते थांबले. उजवीकडे पाहिलं. मग पुढे बघत, अगदी सहज, म्हणाले, "मोकळं?"

"काय?"

"काही नाही."

त्यांनी मान डावीकडे वळवली. मान छान वळत होती, खांद्यापर्यंत. मान आखडली नव्हती तर. त्यांनी डावीकडचा रस्ता असा निरखून पाहिला, जसा माणूस अंधाऱ्या माळ्यावर एखादी वस्तू शोधतो, आधी हा तुकडा, मग तो. तेवढ्या वेळात उजवीकडून एक ट्रक येऊन निघूनही गेला होता.

पुढे एक शांत रस्ता होता. दोन्ही बाजूंना घरं आणि घरांपुढे लहान कुंपणं. डाव्या हाताच्या एका फाटकातून एक मुलगी सायकल घेऊन बाहेर पडली, पाठीला दप्तर, लाल स्वेटर. ती सायकलवर चढली आणि रस्ता ओलांडायला लागली. लपलेली नव्हती, झाडाआड नव्हती, चांगल्या उन्हात होती. धाकटी वाट बघत होती की बाबा आता पाय उचलतील, आता उचलतील. गाडीचा वेग तसाच राहिला.

"बाबा! ब्रेक!"

त्यांनी दाबला. पेडल वरच लागलं आणि गाडी कुठेही न ओढता, सरळ रेषेत, जागच्या जागी उभी राहिली. मागचं टेबल धाडकन केबिनवर आपटलं. मुलीचा एक पाय जमिनीवर होता आणि पुढचं चाक गाडीच्या बंपरपासून हातभर अंतरावर. ती आधी भ्याली आणि मग तिला राग आला.

"दिसत नाही का हो काका?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. तिला शाळा गाठायची होती.

बाबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"ब्रेक छान झालाय," बाबा म्हणाले. "जागेवर थांबली."

"बाबा."

मग त्यांनी उजव्या हाताची मूठ डोळ्यासमोर धरली, दुर्बिणीतून बघतात तशी. "एवढं दिसतं. समोरचं. यातलं अगदी स्वच्छ दिसतं, तुझ्या कानातलं दिसतंय. कडा नाहीत. डावीकडे तर काहीच नाही. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर, औषध घालून उरलेलं सांभाळायचं."

"आईला माहीत होतं?"

"तिनंच मला सांगितलं. मला कुठे कळलं होतं? मी दारांना धडकायचो, ती म्हणाली हे दार नवीन आलंय का घरात?" ते जरासे हसले. "मग ती बरोबर यायला लागली. डावीकडचं ती सांगायची. मागे घ्यायची झाली की खाली उतरायची, मागे उभी राहून ओरडायची. आवाज कसा होता माहीतच आहे. आख्खी गल्ली बाजूला व्हायची."

"आणि ती गेल्यावर तुम्ही नुसतं पुढे पुढेच."

"मागे घ्यायला भीती वाटते. मागे पोरं खेळत असतात."

"म्हणून पेडल खाली जातं."

"ते माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "ही गाडी मागे घेतल्याशिवाय ब्रेक आवळत नाही हे तुला शिकवलं कोणी?"

"मग मास्टर सिलेंडर, हवा..."

"ड्रम उघडलास की तुला कळणार होतं. सुरुवातीला माझं मीच गाडीखाली जाऊन आवळायचो, चाचपून. मग ते दाते सापडेनात." त्यांनी तिच्याकडे तोंड वळवलं. ती त्यांना पूर्ण दिसावी म्हणून त्यांना फार वळावं लागलं. "दादाला सांगू नकोस. तू येत जा अधूनमधून माझ्याबरोबर. रोज नाही म्हणत. मी कामं कमी करतो. फक्त ओळखीचे रस्ते घेतो. तू नुसतं मोकळं आहे की नाही तेवढं सांग."

धाकटी समोर बघत राहिली. मुलगी रस्त्याच्या टोकाला पोचली होती, लाल ठिपक्याएवढी. आईचा तिला राग आला. गेल्यापासून पहिल्यांदाच. आईला सगळं ठाऊक होतं आणि तिनं त्यावर तोडगा म्हणून स्वतःला त्या दबलेल्या सीटवर बसवलं, आणि मग सीट रिकामी करून निघून गेली. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे दोघांचं. प्रेम होतंच. पण त्या प्रेमाच्या समोरून रोज दुसऱ्यांच्या मुली सायकलवरून जात होत्या.

आणि आपणही तेच करू शकतो, हे तिला फार स्पष्ट दिसलं. सकाळची कामं लांब्यावर सोडायची. पेडल खाली गेलं की मैदानात नेऊन वर आणायचं. बाबा इथेच राहतील. दादाला काही कळणार नाही. असं किती दिवस चालेल याचा हिशोब तिला मांडता येत नव्हता, पण तो संपणार कसा ते आत्ता बंपरपासून हातभरावर दिसलं होतं.

"नाही बाबा," ती म्हणाली.

"महिनाभर तरी."

"नाही."

बाबांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते कळलं नाही. मग ते म्हणाले, "बरं. उद्या सकाळी उठून मी काय करू, तेवढं सांग."

गाडी बंद का पडली, पेडल का बसलं, इंजिन का तापलं, असल्या प्रश्नांना तिच्यापाशी पुढची पायरी असायची. आधी हे बघू, ते नसेल तर ते बघू. इथे तिला पहिलीच पायरी सापडेना. वर्कशॉपात येऊन बसा, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण बाकावर बसून दुसऱ्यांच्या पान्यांचा आवाज ऐकत दिवस काढणारे बाबा तिला दिसले, आणि तिनं ते गिळलं. सातव्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेलेही दिसले.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही."

"मलाही," बाबा म्हणाले.

मग ते आपणहून उतरले, कारण टेबल पोचवायचं होतं. धाकटी आतूनच सरकून स्टिअरिंगपाशी आली. बाबा डावीकडे बसले आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. हातांना काही काम नव्हतं. वाटेत एकदा त्यांनी "तिसरा टाक" असं म्हटलं, ती टाकतच होती.

शिवणकाम करणाऱ्या बाईचं घर गल्लीच्या आत होतं. गळ्यात टेप लटकवून ती दारातच उभी होती. "काका, आज आतपर्यंत गाडी! मागच्या वेळी तुम्ही तिकडे तोंडाशीच सोडलीत, हमालांनी मला केवढं ऐकवलं!" मग तिला धाकटी दिसली. "ही कोण, मुलगी? चालवते पण छान."

"छान चालवते," बाबा म्हणाले.

तिनं बोलावून ठेवलेल्या हमालांनी टेबल उतरवलं. त्याचा एक कोपरा केबिनवर आपटून चेपला होता. बाईनं त्यावर हात फिरवून तोंड वाकडं केलं, पण सुतार येऊन नीट करून देईल म्हटल्यावर ती निवळली. तिनं दोघांना पाणी दिलं. बाबांना पेला दिला तो नेमका डाव्या बाजूनं. त्यांना तो दिसला नाही. बाई पेला धरून उभी राहिली, धाकटीनं तो घेतला आणि त्यांच्या हातात दिला. बाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. थोड्या वेळानं म्हणाली, "काका, कपाट पण सांगितलंय हं सुताराला. पुढच्या महिन्यात तयार होईल. तुम्हीच आणा. तो दुसरा टेम्पोवाला फार आदळआपट करतो."

धाकटीनं पाण्याचा घोट तोंडातच धरला.

बाबांनी पेला रिकामा केला, रुमालानं मिशी पुसली. "मी नाही येणार," ते म्हणाले. "दुसरं कोणी येईल. सुताराला सांगा, चांगला माणूस पाठवेल."

"का हो? गावाला चाललात?"

"हो. मुलाकडे. सातव्या मजल्यावर घर आहे त्याचं."

"मजा आहे मग. वारा भरपूर."

"हो ना," बाबा म्हणाले.

ते पायऱ्या उतरायला लागले. इतके महिने ते कसे चालत होते ते धाकटीनं पाहिलं होतं, ताठ, झरझर, कोणाला शंकाही येऊ नये असं. दगडांशी, उंबऱ्यांशी, लोकांच्या खांद्यांशी मनातल्या मनात झुंजत ते तसे चालत आले असणार. आता पहिल्याच पायरीवर ते थांबले. त्यांनी बुटानं पुढची पायरी चाचपली. मग डावा हात बाजूला पसरला, तळवा उघडा, बोटं थोडी हलत असलेली, आणि त्या हातानं हवेत चाचपडत ते एकेक पाऊल टाकत खाली आले.

धाकटी पुढे गेली आणि तिनं आपला खांदा त्या हाताखाली दिला.